जाळीची शेवटची गाठ

"गवत खोटं आहे, पण निदान तुमच्या पांढऱ्या बुटांना चिखल तरी लागणार नाही," माझ्या मागच्या पायरीवर कुणीतरी म्हणालं, आणि दुसऱ्या आवाजाने लगेच उत्तर दिलं, "ईस्ट कोस्टच्या बुटांची काळजी जुरोंगवाल्यांनी करू नये. तुमचे बूट आधी तेलातून बाहेर काढा."

दुसरा आवाज देशमुखकाकांचा होता. मी मागे वळले नाही. मांडीवर आईने दिलेली डब्यांची पिशवी होती, ती दोन्ही हातांनी धरून मी समोर बघत राहिले. देशमुखकाका आमच्या छोट्याशा बेटाच्या पूर्वेला, ईस्ट कोस्टला, एका महागड्या कॉन्डोत राहायचे, एका बँकेच्या आयटी विभागात मॅनेजर होते, आणि गणपतीत भेटले की मला दर वर्षी एकच प्रश्न विचारायचे, "काय गं, मराठी शिल्लक आहे की संपली?" उत्तर इंग्रजीत दिलं तर त्यांचं म्हणणं खरं ठरायचं, आणि मराठीत दिलं तर आजूबाजूच्या चार मावश्या हातातलं ताट थांबवून ऐकायच्या, म्हणून मी नुसती हसायचे. घरीसुद्धा आईबाबा मराठीत बोलायचे आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. त्यामुळे बऱ्याच जणांचा असा समज झाला होता की मला मराठी कळतच नाही. त्या समजाचा फायदा एवढाच, की माझ्यासमोर लोक अगदी मोकळेपणाने बोलत. मी सतरा वर्षांची होते, आणि माझ्या आयुष्यातला निम्मा वेळ दुसऱ्यांचं बोलणं ऐकण्यात गेला होता.

त्या रविवारी मात्र ऐकण्यापेक्षा बघण्यासारखं जास्त होतं. आमच्या, पश्चिमेकडच्या जुरोंगच्या फुटबॉल क्लबाला पहिल्यांदाच स्वतःचं मैदान मिळालं होतं. क्लब ज्या लीगमध्ये खेळायचा ती कुठल्या मोठ्या लीगची खालची पायरी वगैरे नव्हती. इथे जिंकून कुणी वर जायचं नाही आणि हरून कुणी खाली पडायचं नाही. खेळणारे क्रेन चालवणारे, जहाजांच्या यार्डात वेल्डिंग करणारे, जेवणाची पार्सलं पोचवणारे, एकदोन शाळामास्तर. इतकी वर्षं ते शाळांची मैदानं मागून खेळत होते, आणि शाळेत काही कार्यक्रम निघाला की सामना रद्द व्हायचा. आता कालव्याच्या कडेला, एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, उंच पुलाजवळ ही जागा मिळाली होती. एका बाजूला काँक्रीटच्या पाच पायऱ्या, त्यावर पत्र्याचं छप्पर, कपडे बदलायला दोन जुने कंटेनर, एक निळा, एक लाल. दर चारपाच मिनिटांनी पुलावरून गाडी जायची आणि तिची सावली मैदानावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकायची. खेळाडू त्या सावलीत पळायचे तेव्हा क्षणभर सगळ्यांच्या जर्सीचा रंग एकच दिसायचा. मी त्यानंतर बरीच मोठी स्टेडियम पाहिली आहेत, पण मैदान म्हटलं की मला अजून तेच आठवतं.

ईस्ट कोस्टविरुद्धच्या सामन्याला सगळे डर्बी म्हणत, शेजाऱ्याशेजाऱ्यांची लढत. एवढ्याशा देशात खरं तर कुठलाही सामना लोकलच, पण या दोन क्लबांचं भांडण घरातलं होतं. पूर्वी हा एकच क्लब होता. सराव बेटाच्या कुठल्या टोकाला करायचा यावर वाद झाला आणि अर्धे लोक पश्चिमेला राहिले, अर्धे पूर्वेला गेले. आमचे सेक्रेटरी अंकल लिम, निवृत्त वेल्डर, हा वाद काल झाल्यासारखा सांगायचे. त्यांनी यार्डातून एका मोडीत काढलेल्या जहाजाची पितळी घंटा मिळवली होती आणि ती पायऱ्यांच्या शेवटी खांबाला टांगली होती. आपला गोल झाला की ती वाजवायची. सकाळपासून ते तिला फडक्याने पुसत होते.

बाबा त्या वेळी रजेवर होता. तो मरीन इंजिनीअर, चारपाच महिने जहाजावर आणि मग दोनेक महिने घरी. तो घरी असला की आमच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटचे आवाजच बदलायचे. एरवी आई नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात एक्स-रे विभागात कामाला जायची, मी कॉलेजात, आणि घरात दिवसभर फक्त फ्रिजची घरघर. बाबा आला की पहाटे पाचला किटली शिट्टी घालायची, रेडिओवर कुठल्यातरी लांबच्या बंदराचं हवामान लागायचं, आणि स्वयंपाकघरात कोलंबी सोलण्याचा ओला आवाज सुरू व्हायचा. बाबा उरणचा. आई पुण्याची, तिच्या माहेरी मासळी शिजतही नव्हती. ती मासे ओळखायला शिकली ती आमच्या ब्लॉकखालच्या बाजारात, एका मलाय मावशीकडून. म्हणून आमच्या घरच्या कोलंबीच्या कालवणात कोकम असायचं आणि लेमनग्रासही. बाबा पहिला घास खाऊन दर वेळी म्हणायचा, "हे उरणचं नाही, पण उरणला असं मिळत नाही." आई म्हणायची, "नितीन, सरळ 'छान झालंय' म्हण ना."

बाबाची एक सवय आईला अजिबात आवडायची नाही. तो घरातलं कुठलंही काम शेवटपर्यंत करायचा नाही. पंख्याची पाती बसवली, की चार स्क्रूंपैकी तीन आवळायचा आणि चौथा तिच्या हातात द्यायचा. नळाचा वायसर बदलला, की शेवटचा अर्धा फेरा सोडून द्यायचा. "हात पुसून ये आणि बघ नीट झालंय का," असं म्हणून पाना पुढे करायचा. त्याच्या पहिल्या जहाजावरच्या चीफ इंजिनीअरने लावलेली ही शिस्त. ज्याने काम केलं त्याने शेवटचा बोल्ट आवळायचा नाही. दुसऱ्याने यायचं, सगळं काम पहिल्यापासून तपासायचं, आणि मगच तो शेवटचा बोल्ट त्याने आवळायचा. म्हणजे न तपासलेलं काम पूर्ण होऊच शकत नाही. "आपली चूक आपल्याला दिसत नाही गं," बाबा सांगायचा, "म्हणून दुसरे डोळे लागतात." आई म्हणायची, "जहाजावर तीस माणसं असतात. इथे मी एकटी आहे आणि भात गॅसवर आहे." पण ती यायची, बघायची, आणि आवळायची. आज माझ्या ऑफिसात एकाने लिहिलेलं दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही, त्याला मोठं नाव आहे, त्याचं प्रशिक्षण असतं. मला ते ऐकताना दर वेळी आमच्या स्वयंपाकघरातला पाना आठवतो.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी अंकल लिमचा फोन आला. नव्या गोलांच्या जाळ्या आल्या होत्या, पण त्या पोस्टला अडकवायच्या कड्या आल्याच नव्हत्या. बाबा खुर्चीतून उठलाच. त्याने गॅलरीतल्या पेटीतून पांढऱ्या दोरीचं भेंडोळं काढलं आणि मला म्हणाला, "चल इरा, तुझे डोळे लागतील." मी गेले, कारण बाबाबरोबर कुठे जायचं म्हणजे फार बोलावं लागायचं नाही.

मैदान रिकामं होतं. बाबाने दोन्ही गोलांच्या जाळ्या एकट्याने बांधल्या. दोरीचा तुकडा पोस्टभोवती फिरवायचा, जाळीच्या घरातून ओढायचा, एक वळसा, दुसरा वळसा, आणि अंगठ्याने दाबून खेच. वीतभर अंतरावर पुढची गाठ. त्याचे हात बघत राहावे असे होते. कुठे घाई नाही, कुठे थांबणं नाही, बोटं जणू दोरीशी काही ठरवून आलेली. प्रत्येक गाठीची शेपटी तो एकाच बाजूला, एकाच लांबीची ठेवत होता. अंकल लिम हात मागे बांधून त्याच्यामागून फिरत होते. "वाह, धिस नेट, शिप ऑल्सो कॅन टाय!" ते म्हणाले. बाबा हसला. "शिप नो प्रॉब्लेम, अंकल. फुटबॉल मोअर डेंजरस."

एक गोल पूर्ण झाला, त्याची शेवटची गाठ तपासून अंकल लिमनी बांधली. दुसऱ्या, कालव्याकडच्या गोलाची शेवटची गाठ राहिली, एका पोस्टला, गुडघ्याच्या उंचीवर. तोवर दिवे बंद करायची वेळ झाली होती. बाबाने दोरीचा तुकडा तिथे नुसता खोचून ठेवला आणि मला ती गाठ दोनदा बांधून, दोनदा सोडून दाखवली. मग म्हणाला, "ही तुझी. उद्या उजेडात सगळ्या गाठी एकेक करून ओढून बघ, आणि मग ही बांध. घाई करू नकोस." मी म्हटलं, "ओके, बाबा." मला फार बरं वाटलं होतं, तेही लिहून ठेवते. त्याने आजवर शेवटचा स्क्रू आईच्याच हातात दिला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही सामन्याच्या तासभर आधी पोचलो. आईच्या डब्यांत कोथिंबीर वड्या होत्या, तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या, आणि मिरचीची चटणी वेगळी, कारण हफीझ, आमचा कॅप्टन, ती नुसती चमच्याने खायचा. मी पिशवी पायरीवर ठेवून मैदानाकडे पाहिलं, आणि माझे पाय तिथेच थांबले. कालव्याच्या बाजूच्या त्या गोलापाशी ईस्ट कोस्टचा अख्खा संघ सराव करत होता. माझ्याच वयाची मुलं, त्यांच्या मैत्रिणी कडेला उभ्या, कुणी व्हिडिओ काढतंय, कुणी मोठ्याने हसतंय. त्यांच्या मधून चालत जायचं, गोलात शिरायचं, त्यांना थांबा म्हणायचं, आणि सगळ्यांच्या देखत गुडघ्यांवर बसून दोरी बांधायची. मी पिशवी पुन्हा मांडीवर घेतली. हे लोक गेले की जाऊ, असं ठरवलं. ते गेले तेव्हा रेफरी आला. एक तरुण तमिळ शिक्षक होता, त्याने जाळी वरून दोनदा ओढून पाहिली, घट्ट लागली, आणि मान हलवली. मग दोन्ही संघ ओळीत उभे राहिले. मग मी स्वतःला सांगितलं, एवढ्या गाठींत एक गाठ, काय होणार आहे. हाफटाइमला नक्की बांधू.

मी हेही लिहायला हवं की बाबाने मला विचारलं होतं. तो अंगात लाल बनियन घालून, हातात झेंडा घेऊन धावत आला. या लीगमध्ये लाइन्समन बाहेरून येत नाहीत. प्रत्येक क्लब आपला एक माणूस देतो, आणि आमचा माणूस त्या दिवशी बाबा होता. "बघितलंस ना सगळं?" त्याने जाता जाता विचारलं. मी मान हलवली. ती मान 'हो' होती की नुसती हलली, हे मी स्वतःलाही सांगू शकले नाही. त्याने मात्र ती हो समजूनच घेतली. त्याच्या जगात या प्रश्नाला खोटं उत्तर नसतं.

सामना सुरू झाला आणि मी पायऱ्या सोडून कालव्याच्या बाजूला जाऊन बसले, त्या पोस्टच्या मागे, कुंपणालगतच्या कट्ट्यावर. कुणाला वाटलं असेल मुलीला गर्दी नको आहे. मला ती दोरी डोळ्यांसमोर हवी होती.

खेळ सुंदर झाला. दोन्हीकडची माणसं आठवडाभर राबून आलेली, पोटं सुटलेली, तरी कुणी एक बॉलही सोडत नव्हतं. हफीझ उजवीकडून पळायचा तेव्हा पायऱ्यांवरून "गो, गो, गो" असा एकच आवाज उठायचा. ईस्ट कोस्टचा गोलकीपर, लांब हातांचा, केस मागे बांधलेला चिनी मुलगा, प्रत्येक वेळी बॉल अडवून झाला की आमच्याच माणसाला हात देऊन उठवायचा. टोमणेही जोरात चालले होते. "काय देशमुख, समुद्राकाठी राहून पोहायलाच शिकलात वाटतं, पळायला नाही!" "अहो, आम्ही पळतोय, तुमचाच बचाव अजून पुलावरच्या गाडीत बसलाय!" हाफटाइमपर्यंत दोघांचा एकेक गोल झाला होता. आमच्या गोलाला अंकल लिमनी घंटा इतकी वाजवली की पुलाखाली थांबलेले दोन सायकलवाले उतरून बघायला आले.

हाफटाइमला मी उठले. पण आईने लांबून हाक मारली, पुऱ्या वाटायला. मी गेले. अर्ध्या मिनिटाची गाठ, आणि मी पुऱ्या वाटल्या. हाक मारली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेच खरं.

दुसऱ्या अर्ध्यात संघांनी बाजू बदलल्या आणि कालव्याकडचा गोल ईस्ट कोस्टकडे आला. बाबा पलीकडच्या रेषेवर झेंडा घेऊन धावत होता. शेवटची दहा मिनिटं राहिली असतील. हफीझने डावीकडून बॉल कापत आणला आणि खूप बाहेरून, जमिनीलगत, सगळा जोर लावून मारला. बॉल माझ्याकडे येत होता. मी तो पूर्ण पाहिला. तो पोस्टच्या बाहेरून आला, वीतभर तरी बाहेरून, जाळीच्या मोकळ्या कडेवर आपटला, ती कड पडद्यासारखी आत गेली, आणि बॉल गोलाच्या आत जाऊन स्वतःभोवती फिरत थांबला.

घंटा वाजली. अंकल लिम ती वाजवत होते आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसत होते. हफीझवर सहा जण पडले. पायऱ्यांवर आई नाचत होती. माझी आई, जी हॉस्पिटलातून आल्यावर चपला काढायलाही वाकत नाही. सगळे फोन त्या ढिगाकडे वळले होते. गोलकीपर मात्र दोन्ही हात पसरून ओरडत होता, "साइड, रेफ! केम फ्रॉम द साइड!" त्याचे बचावपटू त्याच्या पुढ्यात होते, त्यामुळे रेफरीला नीट दिसलं नव्हतं. तो पळत बाबाकडे गेला. "अंकल, यू सॉ?"

"नो," बाबा म्हणाला. "प्लेअर्स इन फ्रंट. आय कान्ट से."

तेवढ्यात गोलकीपरने जाळी हाताने उचलली आणि ती भोकासारखी उघडली. "लुक! होल हिअर! हू टाय धिस?" हफीझ उठून आला. "अलामाक, माय शॉट ब्रेक द रोप लाह!" तो म्हणाला, आणि खरंच त्याला तसंच वाटत होतं, दोरीचा तुकडा खाली पडलेला होता. पायऱ्यांवरून देशमुखकाकांचा आवाज आला, "काय चीफ, जहाजावरही अशीच बांधता का हो?" आणि हशा पिकला. बाबा मैदान ओलांडून पोस्टपाशी आला. त्याने दोरी उचलली. ती तुटलेली नव्हती, तिला गाठ कधी बसलीच नव्हती. त्याच्या बोटांना हे लगेच कळलं असणार. मी आठ पावलांवर बसले होते. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. ताठ उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माय मिस्टेक. आय टाइड द नेट. सॉरी, एव्हरीबडी."

मग तो परत चालत रेषेकडे गेला, आणि रेफरी मधेच उभा राहून घड्याळाकडे बघू लागला. भोक आहे म्हणून बॉल त्यातूनच गेला असं होत नाही. बॉल आत होता, झेंडा खाली होता, कुणी पाहिलं नव्हतं. तो गोल देणार होता. हे मला त्याच्या खांद्यांवरून दिसत होतं. मी गप्प राहिले असते तर आमचा क्लब आपल्या मैदानावरची पहिली डर्बी जिंकला असता, अंकल लिम घरी जाऊन बायकोला सांगणार होते, आणि गाठ कुणाची होती ते फक्त बाबाला आणि मला माहीत राहिलं असतं. बाबा ते कधीच काढणार नव्हता. रात्रीच्या जेवणात नाही, पुढच्या रजेत नाही, कधीच नाही. आणि मला तेच सोसवेना. ज्या माणसाचे हात मी काल तासभर बघत बसले होते, त्या माणसाच्या कामाला सगळे हसले होते, आणि त्याने ते हसू माझ्यासाठी अंगावर घेतलं होतं.

पुढचं काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण आमच्याकडे अजून ते सांगताना लोक उलटसुलट सांगतात. मी ओरडले तेव्हा माझं पहिलं वाक्य संपायच्या आत बाबाचा झेंडा वर गेला होता. आपल्या क्लबाकडे, आईकडे, घंटेकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. रेफरीला मराठी कळलं नाही म्हणून देशमुखकाका पायऱ्या उतरून आले आणि त्यांनी भाषांतर केलं. ते त्यांच्या फायद्याचंच होतं. पण मी दोन गोष्टी म्हणाले होते आणि त्यांनी रेफरीला एकच सांगितली. दुसरी का गाळली, असं मी त्यांना कित्येक दिवसांनी विचारलं, तेव्हा म्हणाले, "ती घरातली होती गं." गोल रद्द झाला. ईस्ट कोस्टच्या गोलकीपरने जाळी ताणून धरली आणि मी सगळ्यांच्या देखत गुडघ्यांवर बसून गाठ बांधली. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा जमली. बाबाने ती ओढून पाहिली, रेफरीला अंगठा दाखवला, आणि रेषेवर परत गेला. शेवटच्या मिनिटांत ईस्ट कोस्टने गोल केला, स्वच्छ, पोस्टच्या आतून, आणि आम्ही हरलो. हफीझ दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही; मग एक दिवस आईच्या चटणीचा डबा परत द्यायला आला आणि दारातच म्हणाला, "युअर फादर, सिस्टर, व्हेरी रेअर." मला ते आधीपासून माहीत होतं.

पण त्या क्षणी यातलं काहीच झालेलं नव्हतं. पुलावरून गाडी जात होती आणि तिची सावली माझ्या पायांवर आली होती. मी कट्ट्यावरून उठले. इंग्रजीत बोलले असते तर ते रेफरीशी बोलणं झालं असतं, आणि मला बाबाशी बोलायचं होतं. तो पलीकडच्या रेषेवर होता, अख्खं मैदान मधे होतं, गाडीचा आवाज होता, आणि मी आजवर कधीही कुणाला एवढ्या लांबून हाक मारली नव्हती. मी तोंडाभोवती दोन्ही हात धरले.

"बाबा, गोल नाही! बॉल पोस्टच्या बाहेरून गेला, मी बघितलाय! आणि तुझी चूक नाही, ती गाठ मी बांधलीच नव्हती!"